तिच्या जागेपासून किती दूर

१४ फेब्रुवारी, शनिवार

सहामाही सुट्टी संपली आणि पहिल्याच दिवशी सुहैरनं मला कचेरीत बोलावून पुदिन्याचा चहा पाजला. सुहैर आमची मुख्याध्यापिका. एकतीस वर्षांत तिनं स्वतःहून मला चहा पाजल्याचं आठवत नाही, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. झालंय असं की भौतिकीचे मास्तर कुवेतला नोकरी धरून पसार झाले आणि अकरावीच्या विज्ञानाच्या मुली वाऱ्यावर सोडून गेले.

"तू घे त्यांना," सुहैर म्हणाली.

"मी अरबीची बाई आहे. मी व्याकरण शिकवते."

"व्याकरणात नियम असतात, भौतिकीत नियम असतात. अडलंय कुठं?"

"गणितात अडलंय."

"मुली नऊच आहेत," ती म्हणाली. मुली कमी असल्या की भौतिकीही कमी लागतं, असा तिचा हिशेब असावा.

मला नाही म्हणता आलं नाही, कारण चहा पिऊन झाला होता. मार्चमध्ये जिल्ह्याकडून परीक्षा येणार. जिला निम्म्याहून कमी गुण पडतील, तिनं मुकाट्यानं कला शाखेत यायचं. आता हे माझं खासगी लिखाण आहे, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही: नऊपैकी एका मुलीच्या बाबतीत माझी त्याला काही ना नाही. रबाब नाव तिचं. बाप मासेमारीची जाळी विणतो, घरात पुस्तक नाही आणि ही पोरगी वाक्य असं सोडवते की बघत राहावं. एवढ्या वर्षांत अशी एकच मिळाली. मैत्रिणींच्या नादानं विज्ञानाला जाऊन बसलीय. मी तीन वर्षांनी निवृत्त होईन. माझ्या वर्गात माझ्यानंतर तिनं उभं राहावं, असं मी कधीचं मनात धरलंय.

१५ फेब्रुवारी, रविवार

पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर डोकं फिरलं. आमच्या गल्लीत 'अजला' म्हणजे सायकल. पुस्तकात 'अजला' म्हणजे त्वरण. म्हणजे मी वाचतेय, "पृथ्वीच्या गुरुत्वाची सायकल नऊ पूर्णांक आठ", आणि माझ्या डोळ्यांपुढे आमचा पाववाला येतोय, डोक्यावर पावांची फळी घेऊन. शब्दकोशात बघितलं. मूळ धातू एकच, घाई करणे. लोकांनी एक शब्द दोन ठिकाणी वापरायचा आणि निस्तरायचं आम्ही.

पुढे वजन. पुस्तक म्हणतं, तुम्ही बाजारात मागता ते वजन नव्हे, ते वस्तुमान. वजन म्हणजे पृथ्वी वस्तूला किती ओढते ते. मी भाजीवाल्याकडे दोन किलो वस्तुमान टोमॅटो मागून बघितले. तो म्हणाला, "ते संपले बाई, हे साधे घेऊन जा."

१८ फेब्रुवारी, बुधवार

पहिला तास झाला. मी फळ्यावर लिहिलं, "गाडीचा वेग ताशी साठ." मागच्या बाकावरून शैमानं विचारलं, "कुणाच्या दृष्टीनं, बाई?" आगाऊ मुलगी. मी म्हटलं, "माझ्या दृष्टीनं." सगळ्या हसल्या, मीही हसले आणि वेळ मारून नेली. घरी येऊन पुस्तकात पाहते तर तो प्रश्न बरोबर होता.

संध्याकाळी परत येताना फेरीबोटीत कठड्याला टेकून उभी होते. शाळा पोर्ट फुआदला, घर पोर्ट सईदला, मध्ये कालवा. रोजचे दोन वेळा हेलपाटे. फेरी मध्यावर थांबली, कारण समोरून डब्यांनी लादलेलं मोठं जहाज चाललं होतं. त्याची लांबच लांब काळी भिंत शेजारून सरकायला लागली आणि एकाएकी मला वाटलं, जहाज उभंय आणि आम्हीच मागं मागं चाललोय. मी घाबरून कठडा धरला. फेरीचा तांडेल रिफअत जवळच होता. तो म्हणाला, "किनाऱ्याकडे बघा बाईसाहेब, जहाजाकडे नको. आपण कुठे आहोत ते किनारा सांगतो."

"आणि किनारा दिसला नाही तर?"

"मग आपण आहोत तिथंच आहोत असं समजायचं. फेरी चालवताना मी तसंच समजतो, जग माझ्याकडे येतंय."

दहा-वीस वर्षं हा माणूस मला रोज बघतोय, याला भौतिकी येतं हे कधी कळलं नाही. त्यानं माझ्यासाठी आतल्या बाकावर जागाही राखून ठेवली होती. बहुधा बाईमाणसांना ती राखतातच.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज खुर्ची. मी मुलींना सांगितलं की मी खुर्चीवर बसलेय, पृथ्वी मला खाली ओढते आणि खुर्ची मला तेवढ्याच जोरानं वर ढकलते. सुहैर दारात उभी राहून ऐकत होती. "ती खुर्ची एकतीस वर्षं हे करतेय," ती म्हणाली, "तिला बढती द्यायला हवी."

रबाबनं विचारलं, "मग खुर्ची काढून घेतली तर? पडताना वर ढकलणारं कुणीच नाही. म्हणजे पडणाऱ्याला आपलं वजन जाणवणारच नाही?"

मी म्हटलं, "पडणाऱ्याला त्या वेळी दुसऱ्या काळज्या असतात." वर्ग हसला. ती हसली नाही. वहीत काहीतरी लिहीत बसली. बिचारी, मला वाईट वाटू नये म्हणून केवढं मन लावल्यासारखं दाखवते.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा आहे.

पुस्तकात एक गोष्ट आहे जी मला काही केल्या पटत नव्हती. चालत्या बोटीवर उंचावरून वस्तू सोडली तर ती सरळ खाली, ठीक पायथ्याशी पडते म्हणे. मला वाटायचं, असं कसं? वस्तू हवेत असताना बोट पुढे जाणार, वस्तू मागे राहणार, पाण्यात पडणार. मी वर्गात तसंच सांगितलं, पुस्तकाच्या तोंडावर. मुलींनीही माना डोलावल्या. फक्त रबाब म्हणाली, "बाई, करून बघूया? फेरीला भाडं तर नाहीच."

तेव्हा शाळा सुटल्यावर नऊ मुली, मी आणि एक लिंबू. फेरीला वर एक लहान मजला आहे, तिथल्या कठड्यावरून खाली लिंबू सोडायचं. मी रिफअतला सांगितलं, खाली कुणी उभं राहू नका, आणि मागच्या बाजूलाही नको, कारण लिंबू मागे जाणार. तो म्हणाला, "मग मी बरोबर तुमच्या खाली उभा राहतो, तिथं तर काही येणार नाही ना?" सुकाणूवर त्याचा भाऊ होता.

फेरी मध्यावर आली, पूर्ण वेगात. मी लिंबू सोडलं. ते रिफअतच्या डोक्यावर पडलं, टक्कन, अगदी टाळूच्या मधोमध.

मुली गडगडून हसल्या. फेरीतले लोक हसले. एका मासेवालीनं विचारलं, "बाई, काय राग आहे त्याच्यावर?" मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. रिफअत डोकं चोळत होता आणि तोही हसत होता. तो म्हणाला, "पुन्हा करून बघा, एकदा पडलं तर योगायोग असेल." पुन्हा केलं. पुन्हा त्याच्याच डोक्यावर. विचित्र माणूस आहे, बाजूलाच झाला नाही.

परतीच्या फेरीत मुलींना किनाऱ्यावर उतरवून मी रबाबला धक्क्यावर थांबवलं आणि फेरीतून आणखी एकदा सोडलं, मला आणि रिफअतला लिंबू सरळ पडलेलं दिसलं आणि तिनं धक्क्यावरून हातानं वाट काढून दाखवली, तिला ते पुढे जात वळत खाली आलेलं दिसलं. एकच लिंबू. मी आत बसून विचार केला की यात खोटं कोण सांगतंय. कुणीच नाही.

३ मार्च, मंगळवार

आज रबाबनं वर्गात हात वर केला. "बाई, आपण व्याकरणात शिकलो ना, 'लिही' म्हटलं की 'तू' लिहिलेला नसतो, पण असतो. लपलेलं सर्वनाम. मग वेगातही तसंच नाही का? 'गाडीचा वेग साठ' म्हटलं की कुणाच्या दृष्टीनं हे लपलेलं असतं. ते शोधल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही."

मी खडू खाली ठेवला. बाकीच्या मुलींनीही पटापट वहीत लिहून घेतलं, आणि त्यानंतरची चार गणितं सगळ्यांची बरोबर आली, शैमाचीसुद्धा. लपलेलं सर्वनाम शोधा, एवढंच मी म्हणत राहिले.

घरी येऊन मला इतका आनंद झाला की मी माझ्या एकटीसाठी रव्याचा गोड बसबूसा केला. भौतिकीच्या रुक्ष माळरानातही या मुलीला व्याकरणच दिसतं. तिची जागा कुठे आहे याबद्दल आता कुणाला शंका नसावी.

७ मार्च, शनिवार

रबाबला मधल्या सुट्टीत गाठून बोलले. म्हटलं, परीक्षेत काहीही होवो, शाखा बदलायचा अर्ज आत्ताच भरून ठेव, म्हणजे ऐनवेळी धावाधाव नको. विद्यापीठात अरबी घे, मी पत्र देईन. माझ्याजवळचे सगळे शब्दकोश तुलाच देणार आहे, हेही सांगून टाकलं.

तिचे डोळे भरून आले. माझेही आले. आम्ही दोघी शाळेच्या अंजिराखाली डोळे पुसत उभ्या होतो. "तुम्ही म्हणाल तसं, बाई," ती म्हणाली. मुलगी गुणी आहे. एवढ्या थोड्या गोष्टीनं एवढी भारावून जाते.

१० मार्च, मंगळवार

अर्ज आला. बापानं सही केलीय, खाली वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलंय, "बाई म्हणतील तिकडे". आता फक्त परीक्षेचे गुण आणि माझी सही. मी तो पर्समध्ये नीट घडी करून ठेवला.

रबाब विचारत होती, चंद्र पडत का नाही. मी म्हटलं, पडतोच आहे, पण बाजूला एवढ्या जोरात चाललाय की जमीन त्याच्याखालून वळत जाते, असं पुस्तक म्हणतं. ती म्हणाली, "म्हणजे तो सतत चुकतोय." मला हसू आलं. पुढच्या वर्षी असली वाक्यं ती निबंधात लिहील.

१४ मार्च, शनिवार

परीक्षा झाली. चाळीस गुणांची. जिल्ह्याकडून प्रश्न आणि सोबत बंद पाकिटात उत्तरं. मी वर्गात फेऱ्या मारत होते. रबाब पहिला पाऊण तास भराभर लिहीत होती, मग चौथ्या प्रश्नावर थांबली आणि थांबूनच राहिली. तोंडावर एक प्रकारचं, काय म्हणावं, हसू होतं. घंटा झाली तेव्हा तिचे शेवटचे दोन प्रश्न कोरे होते. मला वाटलं, माझ्याकडे यायचं तिनंच ठरवलंय.

१६ मार्च, सोमवार

पेपर तपासले. शैमाला एकतीस, कमाल आहे. आठ मुली पास. रबाबला सतरा.

चौथा प्रश्न असा: "एकोणीस पूर्णांक सहा मीटर उंचावरून एक गोळी सोडली, दर सेकंदाला चार मीटर जाणाऱ्या बोटीत. तिच्या जागेपासून ती किती दूर पडेल?" गुण पाच. पाकिटातलं उत्तर, आठ मीटर. गोळीला खाली यायला दोन सेकंद, तेवढ्यात चार गुणिले दोन. रबाबनं पहिल्या ओळीत लिहिलंय, "शून्य." आणि खाली सबंध पानभर कारण. मी ते पान वाचलं नाही, उत्तर चूक असल्यावर कारण वाचून काय करायचं. लाल शाईनं शून्य दिलं. सतरा. निम्मे वीस.

काहीही चुकीचं केलं नाही. उत्तर ठरवून दिलेलं होतं, त्याप्रमाणे तपासलं. गुणपत्रकात नोंद केली, सुहैरकडे दिली. मग घरी येऊन शब्दकोशांवरची धूळ पुसली, एकेक खंड, चौदाच्या चौदा.

१७ मार्च, मंगळवार

सकाळी पहिला तास नववीला. विषय, सर्वनाम कुणाकडे जातं. हा धडा मी झोपेतही शिकवेन. मी म्हटलं, "मुलींनो, वाक्यात दोन स्त्रीलिंगी नामं असली आणि पुढे 'तिच्या' आलं, तर ते जवळच्या नामाकडे जातं. दूरच्याकडे नाही. लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते आपल्याला माहीत नसतं. कागदावर जे जवळ आहे, ते घ्यायचं."

आणि बोलता बोलता मला चौथा प्रश्न आठवला. गोळी स्त्रीलिंगी. बोट स्त्रीलिंगी. 'तिच्या'च्या जवळ काय आहे? बोट आहे.

नववीच्या मुली बघत राहिल्या. मी म्हटलं, "पुस्तकातली दहा वाक्यं सोडवा," आणि कचेरीत जाऊन पेपर काढला. आता ते पान वाचलं. रबाबनं लिहिलं होतं: "प्रश्नात सर्वनाम लपलेलं नाही, उघड आहे, पण ते कुणाचं हे सांगितलेलं नाही. नियमानं ते बोटीकडे जातं. बोटीच्या जागेपासून गोळी शून्य अंतरावर पडेल, हे आम्ही फेरीवर पाहिलं आहे. जर 'तिच्या' म्हणजे गोळीच्या असेल आणि बघणारा धक्क्यावर असेल, तर आठ मीटर. दोन्ही खरं आहे." आणि पुढे आकृती होती, दोन बघणारे, एक फेरीत, एक धक्क्यावर, आणि दोघांना दिसलेल्या दोन वाटा. किती सुंदर रेषा काढल्यात. असं पान कुणी नाइलाजानं लिहीत नाही. त्या पानावर मला दहा दिवसांपूर्वीचे तिचे डोळे दिसले, अंजिराखालचे, आणि ते भारावून भरून आलेले नव्हते हे आज कळलं.

लाज वाटली. मूर्ख मी, जन्मभर दुसऱ्यांना सर्वनामं शोधायला लावली.

लाल शून्य खोडून पाच लिहिले. सतरा आणि पाच बावीस. सुहैर म्हणाली, "नोंद झालीय. आता गुण बदलायचे तर निरीक्षकापुढे उत्तर द्यावं लागेल. कशाला अंगावर घेतेस? तुला ती हवीच होती ना तुझ्याकडे?"

"हवीच आहे," मी म्हटलं. "निरीक्षकाला बोलाव."

१८ मार्च, बुधवार

निरीक्षक उस्ताद लबीब. भौतिकीतली मोठी पदवी, खिशाला तीन पेनं. माझ्याकडे बघून त्यांनी आधीच कंटाळा केला.

"उत्तर आठ आहे," ते म्हणाले. "तुम्ही अरबीच्या ना? मग भौतिकीचं राहू द्या."

"भौतिकीचं बोलतच नाही मी. प्रश्न वाचा. मोठ्यानं." त्यांनी वाचला. "'तिच्या' म्हणजे कुणाच्या?"

"गोळीच्या. उघडच आहे."

"उघडच आहे असा नियम आमच्यात नाही. सर्वनाम जवळच्या नामाकडे जातं, हे तुम्ही नववीत शिकलात. कुणी शिकवलं?"

त्यांनी विचार केला. "दमनहूरला होते एक. फार मारायचे."

"त्यांच्यापुढे उभे आहात असं समजा. जवळचं नाम कुठलं?"

उस्ताद लबीबांनी 'बोटीत' या शब्दाखाली पेनानं रेघ मारली. मग रबाबचं पान उचललं, आकृती बघितली, पुन्हा वाचलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा कंटाळा हळूहळू उतरला. "हे अकरावीच्या मुलीनं लिहिलंय?" ते म्हणाले. "आमच्याकडे पदवीला येणाऱ्यांनाही दोन बघणारे काढायला सांगावं लागतं. हिला भौतिकी कोण शिकवतं?"

सुहैर खाकरली. मी म्हटलं, "खरं सांगायचं तर कुणीच नाही."

त्यांनी बावीसवर सही केली. जाताना विचारलं, ही पुढे विज्ञानातच राहणार ना, कारण नसेल राहणार तर ते स्वतः तिच्या बापाला भेटतील. मी म्हटलं, त्याची गरज नाही. माझ्या पर्समध्ये तिच्या बापाची सही होती आणि मी हे म्हणत होते.

१९ मार्च, गुरुवार

रबाबला बोलावलं. अर्ज टेबलावर ठेवला. ती आली ती मान खाली घालूनच, सतरा गुणांची बातमी तिला सोमवारीच कळली होती.

"बाई, मी सामान आवरून ठेवलंय," ती म्हणाली. "शनिवारपासून कलेच्या वर्गात बसते."

"बावीस आहेत तुला. चौथ्या प्रश्नाचे पाच."

तिनं वर बघितलं. "पण उत्तर तर आठ होतं."

"प्रश्न चुकीचा लिहिलेला होता. तू बरोबर वाचलास."

ती हळूच म्हणाली, "पण बाई, तुम्हाला वाटत असेल तर मी तरीही येईन. मला अरबी पण आवडतं. खरंच."

तिला मनापासून म्हणायचं होतं ते. मी हो म्हटलं असतं तर ती आली असती, शब्दकोश घेतले असते, माझ्या जागेवर उभी राहिली असती आणि कधीच तक्रार केली नसती. ओठांवर आलं होतं माझ्या. एवढा मोह मला आयुष्यात दुसऱ्या कशाचा झाला नाही.

मी विचारलं, "तुला कुठे बसायचंय? मला काय वाटतं ते सोड. तुझ्या जागेवरून सांग."

ती म्हणाली, "मला चंद्राचं पुढचं शिकायचंय," आणि रडायला लागली. या वेळी ते रडणं कसलं आहे हे मला बरोबर कळलं.

अर्ज तिच्याच हातात दिला, म्हटलं फाडून टाक. तिनं नीट चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले, मुलगी शिस्तीची आहे. मग मी नोंदवही ओढली आणि तिच्या नावापुढे 'विज्ञान' लिहिलं, सावकाश, एकही रेष न हलवता. ती पळत वर्गाकडे गेली. माझ्याकडे मागं वळूनही बघितलं नाही तिनं, आणि का बघावं.

मला ती हवी होती. अजूनही हवी आहे. हे इथे लिहून ठेवते, कारण हे सांगायला दुसरी जागा नाही.